गावाचा कल कसा वाचावा? अमेरिकेतील छोट्या गावांच्या मतदानाविषयी वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या छोट्या गावांत स्थायिक झालेल्या वाचकांचे निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. आपल्या गावाचे राजकारण समजून घ्यायला सुरुवात कुठून करायची, असा त्यातल्या बहुतेकांचा रोख आहे.

प्रश्न : आमच्या गावाची वस्ती अडीच हजार. 'हे गाव कट्टर रिपब्लिकन' असे सगळेच म्हणतात. पण नेमके किती, आणि मागच्या निवडणुकीपेक्षा किती बदलले, हे कसे काढायचे? बातम्यांत फक्त काउंटीचे निकाल दिसतात.
— एक वाचक, पेनसिल्व्हेनिया

उत्तर : काउंटीचा आकडा तुमच्या कामाचा नाही. काउंटी म्हणजे राज्याचा जिल्ह्यासारखा भाग. देशात अशा सुमारे ३,१०० काउंटी आहेत आणि टीव्हीवरचे लाल-निळे नकाशे त्यांच्याच निकालांचे असतात. एका काउंटीत अनेक गावे, भोवतालची शेतवस्ती आणि कधी एखादे बऱ्यापैकी शहरही येते. अडीच हजारांचे गाव त्यात बुडून जाते. तुम्हाला हवा आहे प्रिसिंक्टचा, म्हणजे सर्वांत लहान मतदान-विभागाचा निकाल. एवढ्या गावात असे एखाद-दोन विभाग असतात. मोजणी प्रमाणित झाली की काउंटीचे निवडणूक मंडळ विभागवार तक्ता प्रसिद्ध करते. संकेतस्थळावर मिळाला नाही तर कार्यालयात मागावा. मतदानाच्या रात्रीचा तक्ता मात्र वापरू नका. त्यात छाननी बाकी असलेली तात्पुरती मते आणि परदेशातल्या सैनिकांची टपाली मते आलेली नसतात. (न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ईशान्य टोकाच्या राज्यांत निकाल गावानुसारच जाहीर होतात, त्यामुळे तिथल्या वाचकांचा हा खटाटोप वाचतो. अलास्कात तर काउंटी हा प्रकारच नाही.)

तक्ता हातात आला की आधी नकाशा बघा. विभागाची हद्द आणि गावाची हद्द जुळते का? बऱ्याच राज्यांत अर्धे गाव आणि शेजारची शेतवस्ती मिळून एक विभाग असतो. शिवाय २०२० च्या जनगणनेनंतर अनेक ठिकाणी हद्दी नव्याने आखल्या गेल्या. नाव तेच राहिले आणि क्षेत्र बदलले, असे झाले असेल तर २०२० आणि २०२४ ची तुलना फसवी ठरते.

आता गणित. तिसऱ्या पक्षांची मते बाजूला ठेवायची आणि दोन मुख्य पक्षांच्या बेरजेत प्रत्येकाचा वाटा काढायचा. समजा २०२४ मध्ये तुमच्या गावात ट्रम्प यांना ७००, हॅरिस यांना ४५० आणि इतरांना ५० मते पडली. दोघांची बेरीज १,१५०, त्यात ट्रम्प यांचा वाटा ६०.९ टक्के. याच पद्धतीने देशभरात त्यांचा वाटा ५०.८ टक्के होता. म्हणजे गाव देशापेक्षा सुमारे १० अंकांनी रिपब्लिकन. समजा २०२० मध्ये त्यांना ६४० आणि बायडन यांना ४८० मते होती. वाटा ५७.१, आणि त्या वर्षी देशाचा ४७.७. फरक ९.४. वरवर पाहता चार वर्षांत गाव जवळपास चार अंकांनी रिपब्लिकन पक्षाकडे सरकले, पण त्यातले तीनाहून अधिक अंक सगळा देशच सरकला त्याचे आहेत. गावाची स्वतःची हालचाल एका अंकाहूनही कमी. देशाशी तुलना न करता 'आमचे गाव पालटले' म्हणणारे इथेच चुकतात.

एका अध्यक्षीय निवडणुकीवर थांबू नका. अध्यक्षपदाला उमेदवाराच्या व्यक्तिमत्त्वामुळेही मते पडतात किंवा फिरतात. राज्याचा खजिनदार किंवा लेखापरीक्षक अशी पदे घ्या, ज्यांच्या उमेदवारांची नावेही बहुतेकांना ठाऊक नसतात. तिथे मत पडते ते जवळजवळ निव्वळ पक्षाला. अशा दोन-तीन पदांची सरासरी हा गावाचा पाया. अध्यक्षीय आकडा त्याच्या वर आहे की खाली, यावरून बरेच कळते. ज्या पदाला समोर प्रतिस्पर्धीच नव्हता, ते मात्र हिशेबात धरू नका.

दोन ठिकाणी आकडे हमखास दगा देतात. काही काउंटींत टपाली मते मध्यवर्ती ठिकाणी मोजतात आणि ती विभागांत परत वाटून दाखवत नाहीत. २०२० मध्ये टपालाने मत देणाऱ्यांत डेमोक्रॅटिक मतदारांचे प्रमाण बरेच जास्त होते, त्यामुळे अशा तक्त्यांत गावे होती त्याहून कितीतरी अधिक रिपब्लिकन दिसतात. टपाली मतांचा रकाना वेगळा आहे का, हे तक्त्याच्या पहिल्या पानावर तपासा. दुसरा धोका लहान संख्यांचा. ३०० मतांच्या विभागात दहा जणांनी पक्ष बदलला तर दोन पक्षांतले अंतर पावणेसात अंकांनी हलते. दोन कुटुंबे गाव सोडून गेली तरी 'कल बदलला' असे वाटेल. किमान तीन निवडणुका एका दिशेने गेल्याशिवाय त्याला कल म्हणू नये.

प्रश्न : आमच्या गावात मांस-प्रक्रियेचा मोठा कारखाना आहे. निम्मी वस्ती स्पॅनिश बोलणारी, शाळेत तर त्याहून जास्त. तरीही काउंटी दर वेळी मोठ्या फरकाने रिपब्लिकन. हे कसे?
— एक वाचक, आयोवा

उत्तर : रस्त्यावर दिसणारी वस्ती आणि मतपेटीपर्यंत पोहोचणारी वस्ती यांच्यात चार गाळण्या आहेत. वय १८ पूर्ण हवे, नागरिकत्व हवे, नोंदणी हवी, आणि त्या दिवशी जाऊन मत द्यायला हवे. कारखान्याच्या गावात पहिल्या दोन गाळण्यांतच मोठा फरक पडतो. स्थलांतरित कुटुंबांत मुले जास्त आणि प्रौढांपैकी अनेकांना नागरिकत्व नाही. उलट जुन्या गोऱ्या वस्तीत वृद्ध अधिक, आणि वृद्धच सर्वांत नेमाने मत देतात. शाळेतली मुले बघून मतदारांचा अंदाज बांधला तर तो वीस वर्षे पुढचा ठरतो. जनगणना खात्याचा 'मतदानयोग्य वयाचे नागरिक' हा वेगळा तक्ता असतो, तो घ्या. छोट्या गावासाठी हे आकडे पाच वर्षांच्या नमुना-पाहणीवरून काढलेले असतात. त्यामुळे शेजारी दिलेली त्रुटीमर्यादाही वाचा. ४०० लोक, अधिक-उणे १५० अशी नोंद छोट्या गावांत नवलाची नाही.

शेवटची गाळणी केवळ मतदाराच्या इच्छेवर अवलंबून नसते. कॅन्ससमधले डॉज सिटी हेही मांस-कारखान्यांचेच गाव, बहुसंख्य वस्ती हिस्पॅनिक. २०१८ मध्ये तिथल्या १३ हजारांवर मतदारांसाठी एकच मतदान केंद्र होते आणि तेही त्या वर्षी गावाच्या हद्दीबाहेर, बसथांब्यापासून मैलाहून दूर हलवले गेले. पाळीतून सुटून गाडीशिवाय तिथे पोहोचायचे कसे? मतदानाची टक्केवारी कमी दिसली की लोकांना दोष देण्याआधी केंद्र कुठे होते आणि किती वेळ उघडे होते, ते बघावे.

वस्ती आणि मतदार यांतल्या फरकाचे तुमच्याच राज्यातले अॅनामोसा हे आणखी टोकाचे उदाहरण. जनगणना कैद्यांना तुरुंगाच्या पत्त्यावर मोजते, पण मेन आणि व्हरमाँट वगळता कुठल्याही राज्यात शिक्षा भोगत असलेल्या गंभीर गुन्ह्यातील कैद्याला मत नाही. अॅनामोसाच्या एका वॉर्डाची लोकसंख्या कागदावर इतर वॉर्डांएवढीच, सुमारे १,४०० होती. त्यातले १,३०० हून अधिक लोक राज्य तुरुंगातले. २००५ मध्ये त्या वॉर्डातून एक नगरसेवक मतपत्रिकेवर हाताने लिहिलेल्या दोन मतांवर निवडून आला. पुढे गावाने वॉर्डपद्धतच सोडली. तुरुंग, लष्करी तळ किंवा महाविद्यालय असलेल्या गावात मतदानाची टक्केवारी लोकसंख्येवर काढू नका.

टक्केवारी नोंदणीकृत मतदारांवर काढली तरी सावध राहा. गाव सोडून गेलेल्याचे नाव लगेच निघत नाही. १९९३ च्या संघीय कायद्यानुसार नोटीस पाठवून, उत्तर न आल्यास दोन संघीय सार्वत्रिक निवडणुका वाट पाहूनच ते काढता येते. यादी फुगलेली असते म्हणून टक्केवारी कमी दिसते, त्यात घोटाळा शोधायचे कारण नाही.

आणि एक गृहीतक सोडूनच द्या. स्पॅनिश बोलणारे म्हणजे डेमोक्रॅटिक, हे समीकरण आता चालत नाही. टेक्सासच्या सीमेवरची स्टार काउंटी जवळजवळ पूर्ण हिस्पॅनिक आहे. २०१६ मध्ये तिथे हिलरी क्लिंटन यांना ७९ टक्के मते होती, २०२० मध्ये बायडन यांना ५२, आणि २०२४ मध्ये ट्रम्प सुमारे ५८ टक्के मते घेऊन जिंकले. त्याआधी या काउंटीने रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला होता तो १८९२ मध्ये.

प्रश्न : आमच्या काउंटीत नोंदणीनुसार डेमोक्रॅट बहुसंख्य आहेत, पण जिंकतात रिपब्लिकन. लोक यादीतला पक्ष का बदलत नाहीत?
— एक वाचक, केंटकी

उत्तर : कारण यादीतला पक्ष हा बहुतेकांच्या बाबतीत वयाच्या अठराव्या वर्षी घेतलेला निर्णय असतो, आणि तो बदलायला सांगणारे पुढे कुणी भेटत नाही. केंटकीत प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, बंद पद्धतीची आहे, ज्या पक्षात नोंदणी त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत. शेरीफ, काउंटी क्लार्क, काउंटीचा मुख्य प्रशासक ही पदे पूर्व केंटकीत पिढ्यान्पिढ्या डेमोक्रॅटिक प्रायमरीतच ठरत आली. नोव्हेंबरमध्ये समोर उमेदवारच नसायचा. गावच्या निर्णयात हात हवा असेल तर डेमोक्रॅट राहणे भागच होते. त्यात मे महिन्यातल्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायचा तर आदल्या ३१ डिसेंबरपर्यंत अर्ज द्यावा लागतो. निवडणुकीची हवा तापते तेव्हा मुदत कधीच टळून गेलेली असते.

एलियट काउंटी याचा उत्तम नमुना. १८६९ मध्ये ती स्थापन झाली आणि २०१२ पर्यंत प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत तिने डेमोक्रॅटिक उमेदवार निवडला. २०१६ मध्ये ट्रम्प यांना तिथे ७० टक्के मते मिळाली. नोंदणी मात्र त्यानंतरही बराच काळ डेमोक्रॅटच दाखवत राहिली. संपूर्ण केंटकीत नोंदणीकृत रिपब्लिकन पहिल्यांदा पुढे गेले ते जुलै २०२२ मध्ये, राज्य अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन झाल्यानंतर तब्बल दोन दशकांनी.

म्हणून नोंदणीचा आकडा हा गावाचा भूतकाळ समजा. तो राज्यागणिक मिळेलच असेही नाही. टेक्सास, जॉर्जिया, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, इंडियाना अशा राज्यांत नोंदणी करताना पक्ष विचारतच नाहीत, आणि नॉर्थ डकोटात मुळात मतदार नोंदणीच नाही.

तुमच्या भागात अजून एक गोष्ट टिकून आहे, ती म्हणजे माणूस बघून पक्ष ओलांडण्याची सवय. जुलै २०२२ च्या महापुरानंतर पूर्व केंटकीतल्या पेरी आणि लेचर या काउंटींनी २०२३ मध्ये डेमोक्रॅटिक गव्हर्नर अँडी बेशीर यांना कौल दिला, तर २०२० मध्ये तिथल्या चारपैकी तीनहून अधिक मतदारांनी ट्रम्प यांना मत दिले होते.

प्रश्न : आमच्या भागातली पोलादाची गावे एके काळी डेमोक्रॅटिक पक्षाचे बालेकिल्ले होती. कारखाने बंद पडले म्हणून ती फिरली, असे सगळे सांगतात. हे खरे का?
— एक वाचक, ओहायो

उत्तर : अर्धे खरे. तारखा मांडून पाहिल्या की उरलेले अर्धे दिसते.

यंग्जटाउनचा 'काळा सोमवार' १९ सप्टेंबर १९७७ चा. त्या दिवशी यंग्जटाउन शीट अँड ट्यूब या कंपनीने कॅम्पबेल वर्क्स हा पोलाद कारखाना बंद करत असल्याचे जाहीर केले आणि सुमारे ५,००० नोकऱ्या गेल्या. पुढच्या काही वर्षांत बाकीच्या भट्ट्याही विझल्या. तरीही ज्या काउंटीत हे शहर आहे ती माहोनिंग पुढची चार दशके डेमोक्रॅटिकच राहिली. २०१२ मध्ये ओबामांना तिथे ६० टक्क्यांहून जास्त मते होती. २०१६ मध्ये क्लिंटन यांची आघाडी तीन अंकांवर आली, आणि २०२० मध्ये ट्रम्प जिंकले. निक्सन यांच्या १९७२ च्या विजयानंतर प्रथमच ती काउंटी रिपब्लिकन झाली. कारखाना बंद होणे आणि मत फिरणे यांत त्रेचाळीस वर्षांचे अंतर असेल, तर मधल्या काळात काय झाले हा खरा प्रश्न.

मधल्या काळात युनियन संपली. युनियनचे सभागृह ही केवळ पगाराच्या वाटाघाटींची जागा नव्हती. कुणाला मत द्यायचे आणि का द्यायचे, हे तिथे बोलले जाई. पेन्शनर कामगार जिवंत होते तोवर ती सवय टिकली. त्यांची मुले शिकायला बाहेर गेली, तिकडेच राहिली. जी राहिली त्यांना युनियन नसलेल्या नोकऱ्या मिळाल्या. गावातल्या संस्थांपैकी चर्च, शिकारी आणि नेमबाजांचे क्लब उरले, आणि तिथली चर्चा वेगळ्या विषयांवर होती. त्याच काळात गर्भपात, बंदुका, स्थलांतर, कोळसा या प्रश्नांवर दोन्ही राष्ट्रीय पक्षांच्या भूमिका एकमेकांपासून दूर गेल्या. कॅनडा आणि मेक्सिकोबरोबरचा नाफ्टा हा मुक्त व्यापार करार १९९४ मध्ये अमलात आला तो डेमोक्रॅटिक अध्यक्षांनी सही केलेल्या कायद्याने, हे ही गावे कधी विसरली नाहीत.

केवळ आर्थिक कारण पुरत नाही, याचा दुसरा पुरावा आयोवातली हॉवर्ड काउंटी. पोलादाशी तिचा संबंध नाही, वस्ती साडेनऊ हजारांच्या आत, धंदा मुख्यतः शेतीचा. २०१२ मध्ये ओबामा तिथे २० हून अधिक अंकांनी जिंकले आणि चारच वर्षांनी ट्रम्पही २० हून अधिक अंकांनी. दोन्ही बाजूंना एवढा झोका घेणारी ती देशातली एकमेव काउंटी. ओबामांना दोनदा आणि मग ट्रम्प यांना मत देणाऱ्या काउंटी देशभरात २०६ होत्या, त्यातल्या ३१ एकट्या आयोवात. २०२० मध्ये त्या २०६ पैकी फक्त २५ बायडन यांच्याकडे परत आल्या.

या गावांना जोडणारा धागा शोधायचा तर तो शिक्षणाच्या रकान्यात सर्वांत स्पष्ट दिसतो. पदवीधरांचे प्रमाण कमी असलेली गोऱ्या वस्तीची गावे २०१६ मध्ये सर्वाधिक फिरली, मग त्यांचे उत्पन्न काहीही असो. त्याच्या जोडीला स्थानिक वर्तमानपत्रे गेली. २००५ नंतर अमेरिकेतली एक तृतीयांशाहून अधिक वर्तमानपत्रे बंद पडली. गावच्या आमदाराचे काम छापणारा कागद उरला नाही की मतदाराला दिसतो तो फक्त राष्ट्रीय पक्ष. नॉर्थ डकोटासारख्या रिपब्लिकन राज्याचे दोन्ही सीनेटर जानेवारी २०११ पर्यंत डेमोक्रॅट होते. आज असे राज्य सापडणे कठीण. आमच्या मते गावे फिरण्याच्या चर्चेत या मुद्द्याला मिळते त्याहून बरेच मोठे स्थान मिळायला हवे.

प्रश्न : ग्रामीण म्हणजे रिपब्लिकन, असे सरसकट म्हणता येईल का?
— एक वाचक, व्हर्जिनिया

उत्तर : बहुतेक ठिकाणी अंदाज बरोबर येईल, पण अपवाद ठरलेल्या जातीचे आहेत आणि ते ओळखता येतात. अलाबामा-मिसिसिपीच्या काळ्या कसदार मातीच्या पट्ट्यात कापसाच्या मळ्यांवरच्या गुलामांचे वंशज बहुसंख्य आहेत. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानंतर त्यांना प्रत्यक्षात मत देता आले आणि तो पट्टा ठामपणे डेमोक्रॅटिक आहे. अलाबामातले टस्कीगी हे गाव ज्या मेकन काउंटीत आहे तिथे २०२० मध्ये बायडन यांना ८० टक्क्यांवर मते पडली. साउथ डकोटात मूळ अमेरिकनांच्या पाइन रिज आरक्षित प्रदेशातली ओग्लाला लकोटा काउंटी जवळजवळ ९० टक्के डेमोक्रॅटिक. विद्यापीठाची गावे तिसरी जात : ओहायोच्या डोंगराळ भागात २०१६ आणि २०२० मध्ये डेमोक्रॅटिक राहिलेली एकच काउंटी होती, अथेन्स. चौथी जात श्रीमंत पर्यटनस्थळांची. २०२० मध्ये वायोमिंगने ट्रम्प यांना ७० टक्के मते दिली, तर त्याच राज्यातल्या स्कीइंगसाठी प्रसिद्ध टीटन काउंटीने बायडन यांना ६७. व्हरमाँट तर अख्खे खेड्यांचे राज्य, आणि देशातल्या सर्वांत डेमोक्रॅटिक राज्यांपैकी एक. तिथलेच मतदार २०१६ पासून फिल स्कॉट हे रिपब्लिकन गव्हर्नर निवडत आले आहेत, तोही कल नीट लक्षात घ्या.

प्रश्न : आमचे गाव दर वेळी रिपब्लिकन, पण किमान वेतन वाढवण्याचा प्रस्ताव इथे आरामात मंजूर झाला. लोकांना काय हवे आहे?
— एक वाचक, मिझूरी

उत्तर : मतपत्रिकेवर उमेदवारापुढे पक्ष छापलेला असतो, प्रस्तावापुढे नसतो. तुमच्या राज्यात ऑगस्ट २०१८ मध्ये युनियनविरोधी 'राइट टू वर्क' कायदा मतदारांनी ६७ टक्क्यांनी फेटाळला. त्याच नोव्हेंबरात किमान वेतन टप्प्याटप्प्याने तासाला १२ डॉलरवर नेणारा प्रस्ताव ६२ टक्क्यांनी मंजूर केला, आणि त्याच मतपत्रिकेवर डेमोक्रॅटिक सीनेटर क्लेअर मॅकॅस्किल यांना हरवले. २०२४ मध्ये १५ डॉलर वेतन आणि पगारी आजारी रजेचा प्रस्तावही सुमारे ५८ टक्क्यांनी जिंकला. ट्रम्प यांनाही जवळपास तेवढीच मते होती. २०२५ मध्ये विधिमंडळाने त्यातली आजारी रजेची तरतूद रद्द केली. म्हणजे गावाचे मत दोन ठिकाणी दोन प्रकारे मोजले गेले, आणि अंमल झाला तो निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या मताचा. गावाचा कल अभ्यासताना प्रस्तावांचे विभागवार निकाल उमेदवारांच्या शेजारी ठेवा. पैशाच्या प्रश्नांवर गाव कुठे आहे आणि पक्षनिष्ठा कुठे आहे, यातली फट तिथेच दिसते.

प्रश्न : मी कुणाला मत दिले हे शेजाऱ्यांना कळू शकते का? गाव लहान आहे, सगळे एकमेकांना ओळखतात.
— एक वाचक, टेक्सास

उत्तर : मत कुणाला दिले, हे नाही. मत दिले की नाही, हे मात्र सार्वजनिक नोंदीत येते. टेक्सासमध्ये कुठल्या पक्षाच्या प्रायमरीत मत दिले, याचीही नोंद राहते आणि ती यादी मागणाऱ्याला मिळते. गावातला दुकानदार त्यावरून तुमचा पक्ष ओळखू शकेल. पण ती तुमची पक्की ओळख नव्हे. ज्या काउंटीत सगळे काही रिपब्लिकन प्रायमरीत ठरते, तिथे डेमोक्रॅटही तिकडेच जाऊन मत देतात. फक्त एकदा एका पक्षाच्या प्रायमरीत मत दिले की त्या वर्षी दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीच्या दुसऱ्या फेरीत देता येत नाही. विस्कॉन्सिनमध्ये पक्षाची निवडही मतपत्रिकेवरच, गुप्तपणे होते.

अगदी लहान विभागात आकड्यांवरूनच गुप्तता जाऊ शकते. सातही मते एकाच उमेदवाराला पडली तर गुपित काय उरले? म्हणून काही राज्ये अशा विभागांचे आकडे झाकतात किंवा शेजारच्या विभागात मिळवतात. न्यू हॅम्पशायरमधल्या डिक्सव्हिल नॉच या चिमुकल्या वस्तीला त्याची पर्वा नाही. १९६० पासून तिथे मध्यरात्री मतदान होते आणि काही मिनिटांत निकाल लागतो. २०२० मध्ये बायडन ५, ट्रम्प ०. २०२४ मध्ये ३-३.

प्रश्न : ग्रीन कार्डावर आहोत, गावात घर आहे, मालमत्ता कर भरतो. निदान गावच्या निवडणुकीत मत देता येईल का?
— एक वाचक, मेरीलँड

उत्तर : तुमच्या राज्यात काही गावांत येईल. टकोमा पार्कने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून नागरिक नसलेल्या रहिवाशांना गावच्या निवडणुकीत मत दिले आहे, नंतर मेरीलँडमधल्या आणखी काही गावांनी ते केले. व्हरमाँटमध्ये मॉन्टपीलियर आणि विनूस्की यांनाही २०२१ मध्ये ती मुभा मिळाली. तुमच्या गावाच्या सनदेत तरतूद आहे का, ते नगर-लिपिकाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

यापुढचे मात्र फार काळजीपूर्वक वाचा. १९९६ पासून संघीय निवडणुकीत नागरिक नसलेल्याने मत देणे हा गुन्हा आहे आणि त्यापायी देश सोडावा लागू शकतो. गावाची मतदारयादी वेगळी असते, काउंटीच्या किंवा राज्याच्या यादीत नाव जाता कामा नये. गाडीचा परवाना काढताना पडद्यावर मतदार नोंदणीचा प्रश्न येतो, तिथे घाईत 'हो' दाबले जाते. 'नाही' निवडा आणि छापील पावती जपून ठेवा. नागरिकत्वाच्या अर्जात कधी नोंदणी केली किंवा मत दिले का, असा थेट प्रश्न असतो. चुकून नाव गेले असेल तर ते काढायला लावण्याआधीच वकिलाला भेटा.

प्रश्न : आमच्याकडे नगराध्यक्ष, नगरसेवक, शाळा मंडळ सगळे बिनपक्षीय. मग कोण कुठल्या बाजूचा हे ओळखायचे कसे?
— एक वाचक, मिनेसोटा

उत्तर : आधी हे तपासा की तुमच्या गावात पक्षाची बाजू लागू पडते का. छोट्या गावातले भांडण बहुधा पाण्याच्या दरावर, सांडपाण्याच्या प्रकल्पावर, शाळेच्या इमारतीसाठी काढायच्या कर्जरोख्यांवर असते. जुनी घराणी एकीकडे आणि नव्याने आलेले दुसरीकडे, मुले शाळेत असणारे एकीकडे आणि निवृत्त दुसरीकडे. तळ्याकाठी सुट्टीचे घर असणारे कर भरतात, पण त्यांचे मत मूळ राहत्या गावी. त्यामुळे कर वाढवण्याच्या प्रस्तावावर ते सभेत बोलतात, मतमोजणीत दिसत नाहीत.

तरी ओळख हवीच असेल तर परिषदेच्या सभांची इतिवृत्ते वाचा, गेल्या दोन वर्षांत कोण कशाच्या बाजूने हात वर करत होते ते त्यात असते. नगर-लिपिकाकडे उमेदवारांचे खर्चाचे अहवाल असतात, देणगीदारांच्या नावांवरून बरेच उलगडते. कर्जरोख्यांचे मतदान कधी ठेवले आहे, तेही पाहा. सार्वत्रिक निवडणुकीपासून दूर ठेवले असेल तर अनेक ठिकाणी चौथा हिस्साही मतदार येत नाही, आणि जे येतात त्यांत त्या विषयात थेट हितसंबंध असलेलेच जास्त.

एवढ्या कमी मतांत काय काय होऊ शकते, याची तयारी उमेदवारांनी ठेवावी. जागेसाठी कुणीच अर्ज भरला नाही तर हाताने लिहिलेल्या नावांवर निकाल लागतो. मात्र अशी मते मोजण्यासाठी आगाऊ लेखी विनंती लागते का, हे राज्यागणिक आणि पदागणिक बदलते. मुदत नगर-लिपिकाकडून आधीच विचारून घ्या, नाहीतर तुमच्या नावाची मते 'किरकोळ' या रकान्यात बेरजेपुरती जमा होतील. समान मते पडली तर मिनेसोटात चिठ्ठ्या टाकून निकाल लावतात. व्हर्जिनियात ४ जानेवारी २०१८ रोजी राज्याच्या विधिमंडळातली एक जागा भांड्यातून चिठ्ठी काढून ठरली होती. एका मताच्या फरकाने हरलात तर फेरमोजणीची मुदत काही दिवसांचीच असते आणि ती निकाल प्रमाणित झाल्यापासून धावू लागते. अर्ज आधीच भरून तयार ठेवलेला बरा.